गच्चीवरचे दाणे

ताटलीत ज्वारी पडल्याचा आवाज झाला.

मूठभरच असावी. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटलीत वरून धान्य सोडलं की आधी टणटण आणि मग सळसळ होते, तसा आवाज. जिन्यातून घरंगळत खाली आला. घरात दुसरा आवाज नव्हता. म्हणजे ऑक्सिजनच्या मशीनची घरघर होती, पण ती आमच्याकडे दिवसरात्र असायची. तिलाच आम्ही शांतता म्हणायला लागलो होतो.

मी मामांच्या खाटेजवळ जमिनीवर बसले होते, मांडीवर पूर्वा. ती नुकती मान धरायला लागली होती. मामा, म्हणजे माझे सासरे, डोळे मिटून पडले होते. आवाज झाला तशी त्यांच्या पायाची बोटं हलली.

"मामा, वर काय वाजलं?"

"पत्रा," ते डोळे न उघडता म्हणाले. "ऊन झालं की वाजतो."

ऐन उन्हाळा होता आणि पत्रा तापून वाजतो हे खरंच. पण तो एकदाच ठक्कन वाजतो, सळसळत नाही. तेवढ्यात पूर्वा कुरकुरली, मी तिला खांद्यावर घेतलं आणि तो विषय तिथंच राहिला.

गच्चीवर तेव्हा पत्र्याच्या रिकाम्या शेडशिवाय काही नव्हतं. ती शेड म्हणजे मामांची ढाबळ. जयसिंगपुरात कबुतरं उडवणाऱ्यांत त्यांचं नाव होतं. उन्हाळ्यात स्पर्धा असायच्या. सकाळी थवा सोडायचा, आणि ज्याची कबुतरं सगळ्यात उशिरा खाली उतरतील तो जिंकला. त्या दिवशी समोरच्या गटाचा पंच आमच्या गच्चीवर खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत आभाळाकडे बघत बसायचा, आणि त्याला चहा पुरवता पुरवता आत्यांचे पाय मोडायचे. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. "लोकांना एक सवत असती," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. "माझ्या डोक्यावर ढाबळभर आहेत."

मी लग्न होऊन आले तेव्हाच मामांना कोरडा खोकला होता. पुढं जिना चढताना धाप, मग अंघोळ करताना धाप. मिरजेला फुप्फुसाच्या डॉक्टर निंबाळकरबाईंनी छातीचा स्कॅन काढला आणि आम्हाला समजेल अशा भाषेत सांगितलं. जखम भरल्यावर वण राहतो ना, तसे आत वण पडत चाललेत, त्यामुळे फुप्फुसं ताठ झालीत, फुगत नाहीत. कशामुळे, तर कबुतरांच्या पिसांची आणि विष्ठेची धूळ. सगळ्यांना होत नाही, यांना झालंय. झालेले वण जाणार नाहीत. नवे पडू द्यायचे नाहीत, एवढंच आपल्या हातात.

"म्हणजे कबुतरं काढायची," माझा नवरा अभिनंदन म्हणाला.

"आजच," बाई म्हणाल्या.

कागवाडहून मामांचे जुने मित्र इरगोंडाकाका टेम्पो घेऊन आले. मामा नाकात नळी घालून खाटेवर बसले होते. तिथूनच त्यांच्या सूचना चालल्या होत्या. कबुतर घर विसरत नाही. नव्या जागी नेलं की त्याचे पंख दोऱ्यानं बांधून ठेवायचे, तिथली सवय होईपर्यंत सोडायचं नाही. हे इरगोंडाकाकांना माहीत नव्हतं असं नाही, पण मामा सांगत होते आणि ते ऐकून घेत होते.

"सगळ्यांचे बांध. टिकलीचे नको."

"का रे?"

"म्हातारी झाली ती. आता कुठं उडती? उगा दोरा काचेल तिला."

टिकली म्हणजे कपाळावर तांबडा ठिपका असलेली पांढरी मादी. टेम्पो गेला. अभिनंदननं दोन गडी लावून गच्ची धुऊन घेतली, ढाबळीला चुना मारला. आत्या त्या दिवशी खूश असतील असं मला वाटलं होतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि कुणाशी बोलल्या नाहीत.

मामांचं जग आता नळीएवढं झालं. नळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पुरायची. मोरीपर्यंतही पुरायची. जिन्याच्या पहिल्या पायरीशी मात्र ताण बसायचा आणि मामा तिथून मागे फिरायचे. पूर्वा झाली तेव्हा तिला बघायला ते खाटेवरून उठून दारापर्यंत आले, तर नळी उंबऱ्यातच अडली. "आण की गं इकडं," म्हणाले, "माझा दोर संपला."

दर महिन्याला मिरजेला जायचं. तिथं त्यांचं रक्त घ्यायचे. निंबाळकरबाईंकडे एक अभ्यास चालू होता. फुप्फुसाच्या आतल्या अस्तराला इजा झाली की तिथलं एक प्रथिन रक्तात उतरतं, ते त्या मोजून बघत होत्या. या आजाराचं वाईट असं की माणूस महिनोन्‌महिने आहे तसा राहतो, आणि मग एकाएकी बिघडतो. आठवड्याभरात होत्याचं नव्हतं होतं. तो बिघाड येण्याआधी रक्तात काही चाहूल लागते का, हे त्यांना शोधायचं होतं. मामांनी लगेच हो म्हटलं होतं. "वादळ यायच्या आधी कबुतर खाली उतरतं, बाई. आम्हाला वाऱ्याची झुळूक पण लागलेली नसती. तसंच की हे."

कबुतरं गेल्यावर तो आकडा महिन्या-महिन्याला उतरत गेला. पत्रा वाजल्याच्या त्या दुपारनंतर दोन-तीन दिवसांनी आम्ही मिरजेला गेलो, तेव्हा बाईंच्या समोर मागच्या खेपेचा रिपोर्ट होता.

"कसं वाटतंय?" त्यांनी मामांना विचारलं.

"झकास."

"खोकला?"

"तुमच्या कंपाउंडरपेक्षा कमी."

बाई हसल्या नाहीत. बोटाला लावलेलं यंत्र पाहिलं, पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. सगळं आधीसारखंच होतं. मग म्हणाल्या, "आकडा वाढलाय. जवळजवळ दुप्पट."

"पण ते तर बरे आहेत," अभिनंदन म्हणाला.

"म्हणूनच काळजी वाटते. हे बघा, एवढ्या आकड्यावरून काही होणारच असं मी सांगणार नाही. अजून आम्हीच शिकतोय. पण आत कुठंतरी पुन्हा इजा होतेय. घरात पक्षी आहे?"

"छे! सगळी दिली."

"पिसांची उशी? शेजाऱ्यांच्या कोंबड्या? कुणी कबुतरवाले मित्र येऊन बसतात?"

"कुणीच नाही, मॅडम. मी गच्ची धुऊन घेतलीय."

"पक्षी समोर असायलाच पाहिजे असं नाही. ती धूळ कपड्यांवरून येते. पक्षी हाताळणारा माणूस शेजारी येऊन बसला तरी पुरतं. औषध वाढवते, पण घरात जे काही असेल ते शोधा. ते चालू राहिलं तर औषधाचा काही उपयोग नाही. पुढचा बिघाड यांना झेपणार नाही."

मामा खिडकीबाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, "बाई, ते समोरचं झाड कसलं हो?"

"आप्पा, त्या काय सांगताहेत!" अभिनंदन ओरडला.

"ऐकलं की," मामा म्हणाले. "कपड्यांवरून येती."

मला ताटलीतली ज्वारी ऐकू आली. पण आधी डोळ्यांनी बघू, मग बोलू, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या पापड उलटायला म्हणून वर गेल्या. मी पूर्वाला मामांच्या शेजारी निजवलं. "जरा लक्ष ठेवा, मामा."

"कुठं निघालीस?"

"वर. कपडे वाळलेत का बघते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ऊन लागंल," एवढंच म्हणाले.

ढाबळीच्या सावलीत आत्या मांडी घालून बसल्या होत्या. पदर मांडीवर पसरलेला, त्यात ज्वारी. आणि त्या पदरात उभी राहून टिकली दाणे टिपत होती. एका पंखाची पिसं विस्कटली होती.

"पोटभर खा," आत्या तिला सांगत होत्या. "माझ्याकडं काय बघतीस? ते काही येत नाहीत आता वर. तुझंपण गेलं आणि माझंपण."

मग त्यांना माझी सावली दिसली. टिकली फडफडून पत्र्यावर गेली. पदरातून भुरभुरीत पांढरी धूळ उठली आणि उन्हात तरंगत राहिली.

"कधी आली ही, आत्या?"

"झाले बरेच दिवस. कागवाडहून आली बघ, म्हातारी. दमली होती, चोच वासून पडली होती इथं." मग एकदम म्हणाल्या, "हाकलून दिली मी. देवाशपथ. दोनदा हाकलली. परत येऊन बसली. दारात आलेला जीव उपाशी कसा ठेवू, त्रिशला? माझा चतुर्दशीचा उपास आणि ही माझ्यापुढं चोच वासून. बस्तीत देवापुढं जाऊन काय तोंड दाखवू मी?"

"पण मामांना..."

"ह्यांच्यापर्यंत काही जाऊ देत नाही मी. खाली गेले की पहिल्यांदा हात धुते. साबण लावून, कोपरापर्यंत. विचार तुझ्या देवाला."

ते मला माहीत होतं. रोज दुपारी मोरीतून साबणाचा वास यायचा. हात धुऊन आत्या मामांच्या खाटेवर बसायच्या. मामांना घाम फार यायचा, तो टिपायच्या. कपाळ, गळा, नळीखाली लाल झालेले गाल. टॉवेल खडबडीत लागतो म्हणून पदरानं टिपायच्या. त्याच पदरानं.

चाळीस वर्षं संसार केलेल्या या बाईनं नवऱ्याच्या अंगावरून मायेनं पदर फिरवलेला मी पहिल्यांदा या आजारपणातच पाहिला होता. तिला काय सांगायचं होतं मी? की तुमच्या पदरानं...

"अभिनंदनला सांगू नको," आत्या म्हणाल्या. "मीच दोन दिवसांत काहीतरी करते."

"आत्या, आजच करायला पाहिजे."

"का गं? काय म्हणाल्या त्या बाई? मला कुणी सांगतच नाही नीट."

खाली पूर्वा रडायला लागली. मी जिन्यावरून धावत आले. सुटका झाल्यासारखी आले, हे खरं आहे.

मामांनी पूर्वाला एका हातानं थोपटत ठेवलं होतं. "दिसली?" त्यांनी विचारलं.

"काय, मामा?"

"काही नाही. ऊन दिसलं का म्हटलं."

आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात. अभिनंदन त्या दिवशी कारखान्यातून लवकर आला आणि चपला न काढता तडक गच्चीवर गेला. डॉक्टरांचं बोलणं त्याच्या डोक्यात रात्रभर फिरत होतं. मी ताटं मांडत होते, आत्या तव्यावरची भाकरी उलटत होत्या. तो खाली आला तेव्हा त्याच्या हातात जर्मनची ताटली होती आणि एक पांढरं पीस.

"वर कबुतर आहे. दाणे कोण घालतंय?"

भाकरीची एक कड करपायला लागली.

"मी विचारतोय. काल त्या बाईंसमोर मी छातीठोक सांगितलं, घरात पक्षी नाही म्हणून. कोण मारायला निघालंय आप्पांना?"

आत्यांच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता; शब्द ओठांवर आलेला दिसत होता.

"मी," मामा खाटेवरून म्हणाले.

"तुम्ही?"

"मग कोण? माझं कबुतर, मीच घालणार. दुपारी तुम्ही नसता, ह्या दोघी आपापल्या कामात. मी जातो हळूहळू."

"जीव नकोसा झालाय का तुम्हाला?" अभिनंदन ओरडला. मग तो बराच वेळ ओरडत होता. औषधं, मिरजेच्या खेपा, दोन पावलं चालल्यावर लागणारी धाप, सगळं निघालं. बापाला असं बोलताना त्याचा आवाज फाटत होता आणि मामा शाळेतल्या पोरासारखी मान खाली घालून ऐकत होते. धाप लागणारा माणूस जिना चढला कसा, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. घाबरलेल्या माणसाला चूक सापडली की पुढचं काही सुचत नाही.

"अरे, पण ते..." आत्या म्हणाल्या.

"तू गप बस गं," मामा जोरात म्हणाले आणि त्या जोरानं त्यांना खोकला आला. खोकला सरेपर्यंत सगळे थांबलो. "तुला काय ठाऊक? तू पापडांकडं बघतीस, मी तुझ्या पाठीमागनं जाऊन येतो. कधी दिसलो का तुला?"

आत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"सापडलो आता. संपलं," मामा म्हणाले. "अभिनंदन, इरगोंड्याला फोन लाव. उद्या सकाळी येऊन घेऊन जा म्हणावं तिला, आणि ह्या खेपेला पंख बांध म्हणावं. माझी चूक झाली ती. आणि त्रिशला, माझी अंथरुणं, कपडे, सगळं गरम पाण्यात टाक. हिच्या साड्यापण टाक. दाणे घालून आल्यावर मी हिच्याच पदराला हात पुसत होतो. सगळ्या टाक, एकपण ठेवू नको. आणि ती धुणी तू करू नको, बाळ आहे अंगावर. बाई लाव."

काल खिडकीबाहेरचं झाड बघत असताना हा माणूस काय ऐकत होता, ते मला तेव्हा कळलं.

जेवणं मावळतीच्या आत झाली नाहीत. आत्यांनी पाणी पिऊन उपास धरला. मामांनीही ताट सरकवलं. "तुम्ही का?" मी विचारलं. "गुन्हेगाराला जेवण नसतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरगोंडाकाका आले. मामांनी टिकलीला बघायचा हट्ट धरला, म्हणून काकांनी रस्त्यावर उभं राहून बंद खिडकीच्या काचेबाहेरून तिला दोन्ही हातांत उचलून दाखवलं. मामा काचेला बोट लावून म्हणाले, "डोळे चांगले आहेत अजून." आत्या दारात उभ्या होत्या, अंगावर माझी साडी. त्यांच्या सगळ्या साड्या मागं दोरीवर निथळत होत्या. काका निघाले तशा त्या लगबगीनं आत गेल्या आणि ज्वारीची पिशवी आणून त्यांच्या हातात दिली. "तिला बाजरी चालत नाही," म्हणाल्या.

दुपारी आत्या बस्तीत गेल्या. मी मामांच्या खाटेजवळ पूर्वाला पाजत पाठ करून बसले होते. पाठ वळलेली असली की काही गोष्टी बोलता येतात.

"मामा, जिना चढला कसा तुम्ही?"

"खाली ऐकू यायचं मला," ते म्हणाले. "आधी ज्वारी. मग ती बोलायची त्या टिकलीशी. शब्द कळायचे नाहीत. पण सूर कळायचा. नवीन लग्न झालं तेव्हा ह्या घरात तो सूर होता. नंतर मी वर राहिलो आणि ती खाली." त्यांनी श्वास घेतला. "म्हटलं, बोलू दे. मला काय माहीत, ते तिच्या पदरातनं खाली येतंय?"

"आत्यांना सांगायला नको का?"

"काय सांगणार?"

मी पूर्वाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"तेच म्हणतो मी," मामा म्हणाले. "कबुतर गेलं. साड्या धुतल्या. मी चोर ठरलो, मला चालतंय. आता कुणाला काय सांगायचं राहिलंय?"

पुढच्या खेपेला आकडा उतरला होता. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. निंबाळकरबाईंनी मामांना रागावल्यासारखं केलं, "गच्चीवर जात होता म्हणे!" मामा लाजले. फार छान लाजले. बाई मला म्हणाल्या की धाप लागायच्या आत कळलं म्हणून हाताशी वेळ मिळाला, असं दर वेळी होत नाही.

त्या वेळात पूर्वा रांगायला लागली. मामांची नळी तिला फार आवडायची. ती धरून ती खाटेपर्यंत पोचायची. पहिलं पाऊल तिनं त्या नळीला धरूनच टाकलं. अभिनंदननं फोटो काढला: खाटेवर मामा, नाकात नळी, नळीच्या दुसऱ्या बाजूला डोलणारी पूर्वा, आणि मागं आत्या, दोघांकडे हात पसरून.

होळीच्या आसपास मामांना ताप चढला आणि आठवड्याच्या आत सगळं झालं. त्या वेळी आकडा आधी वाढला होता का, ते कळायला मार्ग नाही. रक्त द्यायची तारीख यायची होती.

या गोष्टीला आता सात वर्षं होत आली. तो फोटो स्वयंपाकघराच्या दारावर लावलाय. आत्यांना मामांविषयी बोलायचं असलं की त्या त्यांना शिव्या घालतात. हे मी एव्हाना ओळखलंय. काल दुपारीही तसंच चाललं होतं. त्या उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होत्या, पूर्वा त्यातले दाणे पळवत होती.

"तुझा आजोबा बिलंदर होता," आत्या सांगत होत्या. "डॉक्टरनं नको म्हणून सांगितलेलं, तरी चोरून गच्चीवर जायचा. कबुतराला दाणे घालायला. शेवटी तुझ्या बाबानं पकडला."

पूर्वानं ही गोष्ट खूपदा ऐकली आहे. पण काल ती खाता खाता थांबली आणि मान वर करून फोटोकडे बघू लागली. मग जिन्याकडे. मग परत फोटोकडे. बोटानं हवेत काहीतरी मापत होती.

शेंगा फोडण्याचा आवाज थांबला. आत्यांनी वर पाहिलं नाही. हातातली शेंग हातातच होती.

"आई," पूर्वा मला म्हणाली, "आजोबांची नळी गच्चीपर्यंत पुरायची का गं?"